सखुबाईने दवाखान्याला घातलेली बंदी

मनोरीत सखुबाईचं घर कुणाला विचारावं लागत नसे. होडीतून उतरून आवाजाच्या दिशेने चालत गेलं की माणूस तिथे पोचे. सकाळी मासळीची पाटी घेऊन ती खाडीपलीकडे मालाडच्या बाजारात असे आणि दुपारनंतर गावात. त्यामुळे खाडीच्या दोन्ही काठांवर तिचा धाक होता. बाजारात तिच्याशी भाव करताना गिऱ्हाईक चाचरायचं आणि गावात तिच्या ओट्यासमोरून जाताना पंचसुद्धा आवाज खाली आणायचे.

तिच्या घराला लागून एक खोली होती. पूर्वी तिथे नवऱ्याची, लहूची, जाळी असायची. १९६५ साली तिथे सरकारी दवाखाना आला. गावाने दवाखाना मागितला तेव्हा जागा नाही म्हणून दवाखाना नाही, असं उत्तर आलं होतं. त्याच संध्याकाळी सखुबाईने लहूची सगळी जाळी ओट्यावर काढून ठेवली आणि खोलीला चुना मारायला घेतला. लहू समुद्रावरून आला तेव्हा अर्धी भिंत पांढरी झाली होती. त्याला विचारण्याचा प्रश्न नव्हता, आणि त्यानेही तो काढला नाही.

याला कारण लहूच्या डाव्या हाताचं बोट होतं. काही वर्षांपूर्वी त्याच्या करंगळीत शिंगाळा माशाचा काटा घुसला. त्या वेळी ओहोटी होती. होडी चिखलात बसलेली. पाणी चढेपर्यंत लहू काठावर हात धरून बसला, आणि पुढे मालाडहून मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत करंगळी काळी पडली होती. ती कापावी लागली. लहूने ते फारसं मनावर घेतलं नाही. बोट शार्कने नेलं, बोट दारूबंदीच्या पोलिसाने नेलं, बोट पैजेत हरलो, अशा गोष्टी तो पोरांना आळीपाळीने सांगायचा. सखुबाईने मात्र ते मनावर घेतलं होतं. ओहोटीच्या वेळी गावात कुणाला काही झालं तर निदान एक नर्स तरी अलीकडच्या काठावर पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

त्या नर्सचं नाव रत्नप्रभा. घाटकोपरची बाई, गावात खोली घेऊन राहायची. डॉक्टर फक्त गुरुवारी येत, बाकीचे दिवस दवाखाना तीच चालवी. तिच्या हाताला यश आहे असं गाव म्हणे. तिला खोटं बोलता येत नाही हेही गावाला ठाऊक होतं. पुढे जे घडलं त्यात या दुसऱ्या गुणाने घोटाळा केला.

चार वर्षांनी, मार्गशीर्षात, रत्नप्रभाबाई मुंबईहून खात्याची बैठक आटपून आली ती तोंड पाडून. सखुबाई ओट्यावर बोंबील निवडत होती आणि तिची सून जया आठव्या महिन्याचं पोट सांभाळत भिंतीला टेकून बसली होती.

"काय गं नर्सबाय, कोन गेला?" सखुबाईने विचारलं.

"अजून कुणी नाही. पण दवाखाना जाईल असं दिसतंय." रत्नप्रभाबाई पायरीवर बसली. "सगळ्या छोट्या दवाखान्यांचा खर्च काढणार आहेत. एका माणसाला बरं करायला किती पैसे पडतात ते बघणार. जे महाग पडतील ते बंद करायचे आणि मालाडला जोडायचे. सोमवारपासून आठवडाभर एक साहेब येऊन बसणार आहेत आपल्याकडे."

"मालाडला," सखुबाई म्हणाली आणि तिने जयाच्या पोटाकडे बघितलं. पुढच्या महिन्यात भरती कधी आणि ओहोटी कधी, हे पोटातल्या बाळाला कोण सांगणार होतं?

ती रात्रभर बोलली नाही, हे लहूच्या लक्षात आलं आणि तो घाबरला. सकाळी उठली ती मार्ग काढूनच. तिचा विचार सरळ होता. साहेब खर्च बघायला येतोय. खर्च कशाने होतो? औषधाने. औषध कोण संपवतो? आजारी माणूस. म्हणजे साहेब असेपर्यंत आजारी माणूस दवाखान्यात दिसता कामा नये. पाहुणा भांड्यात डोकावणार असेल तर त्याआधी घरच्यांनी जेवून भांडं रिकामं करायचं नसतं. सोपी गोष्ट.

संध्याकाळी देवळासमोर गाव जमलं. सखुबाईने बोलायला सुरुवात केली आणि तिनेच शेवट केला.

"नारली पुनवेच्या आधी आपन दर्यात होडी घालतंव का? नाय. कितीबी भूक लागली तरी नाय. गावानं बंदी घातली म्हंजे घातली. तशी आता दवाखान्याची बंदी. सोमवारपासून शनवारपर्यंत कोनी आजारी पडायचा नाय."

म्हातारा भिकाजी पंचांत सगळ्यात मोठा. त्याला बारमाही खोकला. "नि पडला तर?" त्याने खोकत विचारलं.

"तर घरात पडा. जिवावरचं असलं तर गोष्ट येगली. बाकी खोकला, खरूज, गलू, डोकं, समदं रविवारपर्यंत थांबवा."

"खोकला काय माझ्या सांगन्यात हाय?"

"भिकाजीदादा, तुमच्या सांगन्यात तुमची बायकोबी नाय, पन चाललंय ना?"

हसण्यात ठराव पास झाला. बंदी मोडेल त्याने पंचांपुढे नारळ ठेवायचा आणि सगळ्या पंचांना चहा पाजायचा, हा समुद्रबंदीचाच दंड इथेही लावला. रत्नप्रभाबाईला सांगायचं नाही, हेही ठरलं. ती साहेबाला खरं सांगून मोकळी झाली असती.

सोमवारी साहेब आले. मार्तंड सबनीस नाव. मुलुंडला राहणारे, चाळिशीचे, किरकोळ अंगाचे. पँट पोटरीपर्यंत दुमडून, चपला हातात धरून ते होडीतून उतरले. दवाखान्यात येऊन त्यांनी आधी पाय धुतले, मग चष्मा पुसला आणि मग कामाला लागले. त्यांची काम करण्याची रीत सखुबाईने जन्मात पाहिली नव्हती. ते औषधं तर मोजतच होते, पण खुर्ची, स्टूल, झाडू, रॉकेलचा दिवा, पाण्याचा माठ, काहीच सोडत नव्हते.

"ही खुर्ची किती वर्षं टिकेल?" त्यांनी दारात उभ्या असलेल्या सखुबाईला विचारलं.

"बसनाऱ्यावर हाय, साएब. तुमी बसलात तर धा वर्सं. मी बसले तर आज संध्याकाल."

मार्तंडरावांनी दहा लिहिलं. "आणि या खोलीचं भाडं?"

"भाडं?" सखुबाईचा आवाज चढला. "भाडं घेतलं असतं तर दवाखाना तुमचा झाला असता. आता तो माझा हाय."

"तसं नाही. फुकट दिली तरी खोलीला किंमत असतेच ना? उद्या तुम्ही ती दुसऱ्या कुणाला दिली असती तर काही मिळालं असतं. ते खर्चात धरावं लागतं."

"एक पैसाबी लिवू नका! जे दिलंच नाय त्याचा खर्च कसला?"

मार्तंडरावांनी मान डोलावली आणि लिहिलंच. सखुबाई घरात आली ती धास्तावून. हा माणूस न झालेला खर्चसुद्धा लिहितो, मग झालेल्याचं काय करेल? तिने बंदी आणखी घट्ट केली. ओट्यावर पाट टाकून ती दिवसभर तिथेच बसू लागली. मालाडच्या बाजारात तिची जागा आठवडाभर रिकामी राहिली आणि गिऱ्हाइकांनी सुखाने भाव केला.

दवाखाना चकचकीत दिसत होता. रत्नप्रभाबाई रोज टेबल पुसायची, बाटल्या ओळीत लावायची आणि दाराकडे बघत बसायची. एरवी सकाळी आठलाच रांग लागे. त्या काळी पातळ औषधासाठी बाटली घरून आणायची असे. गावातल्या बाटल्या आपापल्या फडताळांत स्वस्थ होत्या.

"लोक गेले कुठे?" मार्तंडरावांनी विचारलं.

"मला खरंच कळत नाही," रत्नप्रभाबाई म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

भिकाजी दवाखान्यासमोरून जाताना तोंडावर उपरणं दाबून, श्वास रोखून, लाल होऊन जायचा. पुढच्या वळणावर पोचला की मागून स्फोटासारखा आवाज येई. मार्तंडराव मान वर करून बघत. "समुद्र," सखुबाई सांगे. "खडकावर आपटतो."

गुरुवारी डॉक्टर आले, त्यांनी वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचलं, तळलेला बांगडा खाल्ला आणि भरतीच्या होडीने परत गेले. मनोरीची हवा फार चांगली, असं जाताना म्हणाले.

बंदी मोडली ती घरातल्या माणसानेच. मंगळवारी लहूच्या टाचेत गंजका गळ घुसला होता. त्याने तो कपडा बांधून लपवला. पण मागचा अनुभव असा, की बुधवारी दुपारी त्याला करंगळी आठवायला लागली. खोली मुळात त्याचीच. मागच्या बाजूला जाळी आत घ्यायचं छोटं दार होतं आणि ते कुठे ढकललं की उघडतं हे त्यालाच माहीत. सखुबाई पुढच्या ओट्यावर पहारा देत असताना लहू मागून आत शिरला. रत्नप्रभाबाईने आनंदाने त्याचं स्वागत केलं. जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली, नाव लिहून घेतलं. मार्तंडरावांनीही ते टिपलं. एवढ्या मायेने आपल्याला कुणी वागवल्याचं लहूला आठवत नव्हतं.

सखुबाईला पट्टी दिसायला संध्याकाळ लागली.

"अवो, ही टाच कुठं रंगवून आनली?"

"मी औषध घेतलंच नाय, सखू. नुसती दाखवली."

"नि सुई?"

"ती त्या बाईनं आपल्या मनानं टोचली."

"नारल लागेल," सखुबाई म्हणाली.

"मामी," जया आतून सासूला म्हणाली, "गावात एक बंदी घातली नि ती तुमच्याच घरातून मोडली. आता पंचांचा च्या बी तुमच्याच चुलीवर."

शुक्रवारी संध्याकाळी मार्तंडराव निघाले तेव्हा सखुबाई त्यांना पोचवायला काठावर गेली. तिचं मन हलकं होतं. पाच दिवसांत फक्त एक माणूस, आणि तोही घरचा. खर्च याहून कमी काय होणार? तिने सुक्या बोंबलांची पुडी त्यांच्यापुढे केली. त्यांनी हात जोडून ती परत केली.

"मला काही घेता येत नाही, बाई. आणि या आठवड्यात तर नाहीच."

होडीवाला अनंता वल्ही टेकवून बसला होता. होडीत दुसरं कुणी नव्हतं. आजारी माणसं घरात, आजाऱ्यांच्या सोबतीची माणसंही घरात.

"साएब, थांबावं लागंल. नायतर एकट्यासाठी सोडतो, पन मंग आख्ख्या होडीचे पैसे पडतील."

सखुबाई उसळली. "लाज नाय वाटत? एका मानसाकडून आख्ख्या होडीचं मागतोस?"

"मावशी, मी काय एकाला बसवून अर्धी वल्ही मारतो? होडी तीच, खाडी तीच, माझे हात तेच. वीस बसले तर वीस जनांत वाटून जातं. एकटा बसला तर समदं त्याच्या बोडक्यावर. तूच नाय का मागं वरडलीस, रिकामी होडी कशाला हाकतो म्हनून?"

"अगदी बरोबर बोलला," मार्तंडराव म्हणाले. "मीही आठवडाभर हेच मांडतोय."

सखुबाईने होडीकडे बघितलं, मग मागे दवाखान्याच्या कौलांकडे बघितलं. दवाखान्याला खुर्ची तीच, दिवा तोच, नर्सबाईचा पगार तोच. आणि आत बसलेला एकटा लहू.

"अरे द्येवा," ती म्हणाली. "वाट लागली."

पुडीसकट ती होडीत चढली. "हाक रे अनंता. पैसे मी देते."

खाडीच्या मध्यावर तिने सगळं सांगितलं. बंदी, नारळ, भिकाजीचं उपरणं, जाळ्यांचं दार. सांगताना ती इतक्या हळू आवाजात बोलली की अनंताने वल्हवणं थांबवून कान दिला. मार्तंडरावांनी चष्मा काढला. तो पुसता पुसता त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते असे हसले की होडी एका बाजूला कलली.

"म्हणजे तो खडकावर आपटणारा समुद्र..."

"भिकाजी," सखुबाई म्हणाली.

"तरी मी म्हणतोय, मागच्या महिन्यात मिक्स्चरची बरणी सारखी भरली जात होती, ती पीत कोण होतं? बाई, आजच्या हिशेबाने तुमच्या नवऱ्याची टाच ही सबंध खात्यातली सगळ्यात महाग टाच आहे. त्या पैशात दोन्ही पाय नवे आले असते."

"हसू नका, साएब. माझी सून पुढल्या महिन्यात बालंत होनार हाय. दवाखाना गेला तर माज्यामुलं जाईल." तिने पदराने तोंड पुसलं. "काय करू सांगा."

मार्तंडराव गंभीर झाले. "मी जे पाहिलं तेच लिहिणार. बंदी होती असं लिहिलं तर माझे वरचे साहेब विचारतील, हे कोणत्या रकान्यात घालायचं? पण आठवडा अजून संपलेला नाही. उद्या शनिवार, दवाखाना एक वाजेपर्यंत. आजारी असतील त्यांना येऊ द्या. मात्र एक. धडधाकट माणूस रांगेत उभा केलात तर मी तेही लिहीन. मला खोटा माणूस ओळखता येतो."

"मला तुमच्यापेक्षा जास्त येतो," सखुबाई म्हणाली.

परतल्यावर तिने पंचांना गाठलं. गावापुढे चूक कबूल करायची तिची ही पहिली वेळ होती. तिने ती एका वाक्यात उरकली. "मी उलटं बोलले व्हते, आता सुलटं करायचंय."

पण भिकाजी अडून बसला. पाच दिवस कोंडलेला खोकला आणि बायकोवरून ऐकलेलं बोलणं, दोन्ही त्याच्या छातीत होतं. "बंदी गावानं घातली. उठवायची ती रीतीनं. नारली पुनवेला नारल दिल्याबिगर दर्या खुला होतो का? मंग दवाखाना कसा होईल?"

गावात त्या घडीला एकच नारळ देणं होता. तो लहूचा.

"ही कुठली रीत?" लहू म्हणाला. "बंदी हिची, चूक हिची, टाच माझी, नि नारलबी माझाच?"

त्याने नारळ आणला. शनिवारी सकाळी दवाखान्याच्या उंबऱ्याला हळदकुंकू लागलं, भिकाजीने नारळ फोडला, बायकांनी हसत हसत समुद्राचं गाणं म्हटलं, आणि रत्नप्रभाबाई दारात तोंड उघडं ठेवून उभी राहिली. तिला आत्ता कळत होतं. मार्तंडरावांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा आला. तो प्रसाद होता, म्हणून त्यांनी घेतला.

मग गाव आत आलं. पाच दिवसांची गळवं, पाच दिवसांचे डोळे, खाऱ्या पाण्याने भेगाळलेले पाय, काटे, कान, पोटं. प्रत्येकाच्या हातात बाटली. दारूबंदीच्या दिवसांत एका कोळीवाड्यात तसल्या आकाराच्या एवढ्या बाटल्या कुठून आल्या, हे मार्तंडरावांनी विचारलं नाही. त्याचाही रकाना नव्हता.

दारात सखुबाई. तिच्या हातून सुटल्याशिवाय कुणी पुढे जाऊ शकत नव्हतं.

"तुला काय रे, कुंडलिक?"

"डोकं दुखतं."

"कवापासून?"

"आता. तुला बघून."

"चल, हो बाहेर! कामावर जा. नि तू गं?"

"हात भाजलाय, सोमवारी."

"सोमवारी? नि आज सांगतेस?"

"तूच बंदी घातलीस ना!"

सखुबाईने त्या बाईला सगळ्यांच्या पुढे नेऊन बसवलं.

मार्तंडराव प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारत होते. हा दवाखाना नसता तर आज काय केलं असतं? "मालाडला गेलो असतो. पानी असतं तर." "दिवस मोडला असता, मासली सडली असती." "कुठं जानार? घरातच बसले असते." भाजलेल्या हाताची बाई म्हणाली, "जसे हे पाच दिस काढले, तसेच काढले असते." मार्तंडरावांनी लिहायचं थांबवून तिच्या हाताकडे बघितलं, आणि मग तेही लिहिलं, तिच्याच शब्दांत.

भिकाजी शेवटी आला. बाटली पुढे केली, खोकायला तोंड उघडलं, आणि खोकला आलाच नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. उपरण्यात दाबून दाबून तो बरा झाला होता.

"यांना कुठे घालू?" मार्तंडरावांनी विचारलं.

"घरी घाला," सखुबाई म्हणाली.

एकची वेळ टळून गेली तरी ते लिहीत होते. रत्नप्रभाबाईने आधीच्या आठवड्यांचे आकडे काढून दिले. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि स्वतःशीच मान हलवली. बंदीने आजार थांबले नव्हते. ते फक्त घरात वाट बघत बसले होते, आणि शनिवारी एकदम आले. सगळे मिळून आकडा जवळजवळ नेहमीच्या आठवड्याएवढाच भरत होता. खोलीचं भाडं धरूनसुद्धा मनोरीचा माणूस मालाडपेक्षा महाग पडत नव्हता. होडी, बुडालेला दिवस आणि सडलेली मासळी हिशेबात घेतली तर बराच स्वस्त पडत होता.

"पाच दिवसांत एक माणूस आणि सहाव्या दिवशी जत्रा. साहेब विचारतील कारण काय," मार्तंडराव म्हणाले.

"काय सांगाल?"

"स्थानिक सण."

"खोटं नाय ते," सखुबाईने उंबऱ्यावरच्या हळदकुंकवाकडे बघत म्हटलं.

दवाखाना राहिला. होळीच्या आधी खात्याने डॉक्टरांचा आणखी एक दिवस वाढवला. जयाला मुलगी झाली ती भर ओहोटीत, होड्या चिखलात बसलेल्या असताना. काठावर जायची कुणाला गरज पडली नाही. खोलीचं भाडं द्यायचा खात्याचा विचार आहे असं कानावर आलं तेव्हा सखुबाईने निरोप धाडला, की आधी खुर्ची बदला, ती मोडली. कुणाच्या बसण्याने, ते तिने कळवलं नाही.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो लहूचा. करंगळीची गोष्ट पोरांना जुनी झाली होती, आता त्याला टाच मिळाली. संध्याकाळी ओट्यावर बसून तो पाय उंच स्टुलावर ठेवी आणि कुणी जवळून गेलं की ओरडे, "जपून! सरकारनं हिच्यावर आठवडाभर दवाखाना चालवलाय."

"मंग सरकारला इचारा," सखुबाई आतून म्हणे, "त्या टाचेनं विहिरीपर्यंत जाऊन दोन हंडे पानी आनायला किती खर्च येईल."

लहू पाय खाली घ्यायचा आणि हंडे उचलायचा. टाच आता अजिबात दुखत नव्हती.